एक दुपार सोडून

शाळेच्या पंचाहत्तरीच्या स्मरणिकेसाठी चिंधूवर चार पानं लिहून द्या, असं दीपेशने मला तीनदा सांगितलं. दीपेश समितीचा अध्यक्ष आणि माझाच विद्यार्थी. मानकोलीला त्याची दोन गोदामं आहेत, त्यामुळे आता त्याला गावाचा इतिहास सुचतो आहे. "तुळजा मॅडम, परदेशात गेलेला दिघाशीतला पहिला माणूस तो. पोरांना प्रेरणा मिळेल." मी म्हटलं, पहिला कसला, दोघे गेले होते आणि दुसरा माझा भाऊ होता. त्यावर दीपेश खाली बघून म्हणाला, "तेही लिहा ना थोडक्यात."

थोडक्यात असं, की चिंधू आणि माझा धाकटा भाऊ जीवन एकाच विमानाने गेले. नॉर्वे नावाच्या देशाच्या पार वरच्या टोकाला, समुद्राकाठच्या एका लहानशा गावात, मासळी गोठवायच्या फॅक्टरीत. चिंधू परत आला तो पायांनी चालत. जीवन त्याच्या आधी आला, पेटीतून. वादळात गोठून मेला, एवढंच सोबतच्या कागदावर होतं. पेटी उघडली तेव्हा पुढे मी झाले, कारण आई नव्हती आणि त्याला लहानाचा मोठा मीच केला होता. त्याच्या उजव्या मुठीवरची कातडी चारही बोटांच्या मुळाशी सोलून निघाली होती. जॅकेटच्या खिशात तापाच्या गोळ्यांची पट्टी होती, एकही गोळी न काढलेली.

तीस वर्षं पोरांचे हात बघून कुणी काय केलं ते ओळखण्यात गेली. माझ्या भावाने मरायच्या आधी कुणाचं तरी दार जीव तोडून ठोठावलं होतं. आजारी माणूस दार वाजवतो आहे आणि ते उघडलं जात नाही. ते दार कुणाचं, आणि का उघडलं नाही, हे मला हवं होतं. तीन वर्षं मला दुसरं काही नको होतं. आणि ते सांगू शकणारा माणूस रोज माझ्या डोळ्यांसमोर टपरीवर चहा पीत होता. त्याचंच चरित्र समितीला हवं आहे, तर घ्या.

चिंधू हा महादूचा आणि राहीकाकीचा मुलगा. आधीची दोन पोरं गेली म्हणून काकीने याचं नाव चिंधू ठेवलं, म्हणजे यमाला वाटावं की ही चिंधीच आहे, कशाला उचलायची. यमाने काकीचं ऐकलं. याला सोडून तो शेजारी आमच्या घरात गेला.

शाळेत हा माझ्या भावाच्या बाकावर बसायचा आणि त्याच्याच वहीतून उतरवायचा. दहावीला आपटला आणि एकोणिसाव्या वर्षी मानकोलीला गोदामाचा वॉचमन झाला. त्या कामात मात्र त्याने नाव काढलं, हे मला मान्य करावंच लागेल. सोळा वर्षं एक कुलूप कधी उघडं राहिलं नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी भर दुपारी खुद्द मालक न कळवता आला आणि शटर वाजवायला लागला. आतून चिंधू म्हणाला, "गोदाम बंद है, सुबह आना." मालक ओरडला, मी मालक आहे. चिंधू पुन्हा म्हणाला, "गोदाम बंद है, सुबह आना." मालकाला अर्धा तास उन्हात उभा केला आणि वर बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळवलं. गावात तो किस्सा पाच-सहा वर्षं चालला. पोरं एकमेकांच्या दारात जाऊन तेच म्हणायची. जीवन तर चिंधूचा तो जड, घोगरा आवाज इतका हुबेहूब काढायचा की राहीकाकी घरातून बाहेर येऊन बघायची. मी भाजी आणायला निघाले की हा दार लावून आतून तेच म्हणणार, आणि मी चिडले की हसत हसत कडी काढणार.

जीवन भिवंडीत लूमवर होता. शेड बंद पडली, शिफ्ट गेली, आणि कुणा एजंटाने दोघांना त्या थंड मुलखाची वाट दाखवली. मी नको म्हणत होते. राहीकाकीने मला समजावलं, "जाऊ दे गं बाय, दोघं हायेत ना, एकमेकांना धरून ऱ्हातील." जुलैत गेले. डिसेंबरात माझा भाऊ मेला. चिंधू तिथे मे महिन्यापर्यंत राहिला आणि मग आला.

आल्यावर मी त्याच्याकडे गेले आणि सरळ विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वादळ व्हतं ताय. दोर सुटला आसल त्याच्या हातातून." फॅक्टरीपासून कामगारांच्या खोल्यांपर्यंत थंडीत दोर बांधलेला असतो, तो धरूनच चालायचं, असं त्याने सांगितलं. मग मुठीचं काय, असं मी विचारलं. तर उठून पाणी प्यायला गेला तो बाहेर आलाच नाही. पुढे जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा हेच. दोर सुटला आसल.

आणि बाकी बोलणं म्हणाल तर धो धो. वज्रेश्वरीची एसटी थांबते तिथल्या टपरीवर बसून हा माणूस त्या गावाचा इतिहास सांगायचा. ते गाव आधी देवमाशाच्या तेलावर जगलं. देवमासे संपले. मग एका जातीची मासळी इतकी यायची की लोक ती शेतात खत म्हणून टाकत, आणि एका वर्षी ती आलीच नाही. मग लढाई झाली आणि मागे हटणाऱ्या फौजेने जाता जाता सगळी घरं जाळली. प्रार्थनेचं एक घर तेवढं उरलं. लोकांना बोटीत घालून दक्षिणेला नेलं, तरी काही जण डोंगरातल्या कपारीत लपले, आणि लढाई संपल्यावर परत येऊन उलट्या घातलेल्या होड्यांखाली त्यांनी दोन हिवाळे काढले. मग फॅक्टरी झाली. मग तरुण पोरं शहरांकडे गेली आणि फॅक्टरीला माणसं मिळेनात, म्हणून आपल्यासारखे आणायला लागले. शाळेत आता सात मुलं. नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य बुडतो तो जानेवारीत वर येतो. दुपारी बाराला तास-दोन तास निळसर उजेड आणि मग परत काळोख. रस्ता बंद झाला की गाड्या बर्फ कापणाऱ्या गाडीमागे रांगेने निघतात, एकीने दुसरीला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. गावाने त्याला बरफवाला नाव ठेवलं, आणि त्या गावाला बरफगाव. मीही मागच्या बाकड्यावर बसून ऐकायचे. लोकांना वाटायचं, मॅडमना माहितीची आवड. मला त्या गावाचा राग होता, डोक्यात भिनलेला राग. उलट्या होडीखाली दोन हिवाळे काढणाऱ्या लोकांना एका पोरासाठी दार उघडता आलं नाही? मी मनातल्या मनात त्यांच्या एकेका घराला शिव्या द्यायचे. आणि चिंधू माझ्याकडे न बघता पुढे सांगत राहायचा. तीनशे वर्षांचा इतिहास त्याला तोंडपाठ होता, एक दुपार सोडून.

मध्ये त्याला मानकोलीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी लागली. बर्फाचा अनुभव आहे म्हणून दीपेशनेच शब्द टाकला होता. दहाव्या दिवशी चिंधूने गोठवणीच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि समोर स्टूल टाकून बसला. आत कुणी असेल तर, म्हणाला. आत वाटाणे होते. मालाचं पाणी झालं आणि चिंधूची पाठवणी झाली. सोळा वर्षं कुलपाला जपलेला माणूस आता दार लावायला घाबरतो, यावर टपरी महिनाभर हसली. मी नाही हसले. मला वाटलं, वेड पांघरून पेडगावला जातोय. म्हणजे कुणी काही विचारायला नको.

या जानेवारीत राहीकाकीने मला बोलावलं. काकी अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या घरातून पितळी हंडा आणि शिलाई मशीन चोरीला गेलं होतं, भर दुपारी, ती आत पडलेली असताना. "तू मास्तरीण हायेस, तुझं ऐकल. त्याला सांग दाराला कडी बसव." मी दाराकडे पाहिलं. चौकटीला चार भोकं होती, कडी कधीच उपटून टाकलेली. मी विचारलं, ही कधी काढली? काकी म्हणाली, "आला त्याच हप्त्यात. मी बोंबलून बोंबलून दमली. बोलतो, तिकडं कुनी कडी लावीत न्हाय. सगल्या गावात एका घराला कडी न्हाय. बाहेर बरफात कुनी चुकला तर कुठल्याबी दारात घुसावं, म्हनून."

मी काकीच्या उशाशी बसून राहिले. तीन वर्षं हा माणूस त्या गावाच्या मासळीपासून सूर्यापर्यंत सगळं बोलला होता आणि एवढी एक गोष्ट टपरीवर कधी निघाली नव्हती. सगळ्या गावात एकाही घराला कडी नाही. मग माझ्या भावाची मूठ कशावर फुटली?

चिंधू घराच्या मागे लाकडं फोडत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चिंधू, कडी कुणाच्या दाराला होती?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी कशाबद्दल विचारते आहे हे त्याने विचारलं नाही. कोयता खाली ठेवला, लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि म्हणाला, "आमच्या."

मग त्याने सांगितलं. गावाला कड्या नाहीत त्याचीही गोष्ट आहे. गाव वसलं त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात व्यापाऱ्याने धान्याच्या कोठीला आतून कडी घातली होती. चोरीची भीती. वादळात परतलेले चार कोळी त्या दाराशी मेले. सकाळी लोकांनी व्यापाऱ्याला मारलं नाही. त्याचं दार बिजागऱ्यांतून उचकटलं आणि प्रार्थनेच्या घरात नेऊन भिंतीला लावलं. गाव जळलं तेव्हाही ते दार वाचलं, कारण ते घर वाचलं. तेव्हापासून तिथे कडी लावणं हा एकच गुन्हा आहे, बाकी सगळं चालतं. पण कामगारांच्या खोल्या कंपनीने कुठून तरी तयार आणल्या होत्या, बोटीवरून. त्यांच्या दाराला आतून कडी होती. पहिल्याच दिवशी फॅक्टरीतल्या बाईने दोघांना हाताला धरून ती दाखवली आणि मान हलवली. हिला हात लावायचा नाही.

"त्या दिशी मना ताप व्हता," चिंधू म्हणाला. "अंग भाजत व्हतं. मी कामाव गेलो न्हाय, बाकी सगली फॅक्टरीत. वारा सुटला नि दार धडधड वाजाया लागलं. मी उठलो, कडी घातली, परत पडलो. ताय, मी घातली असंबी न्हाय मना आठवत. हातानं घातली. सोला वर्सं घालीत आलेला हात."

"पुढे," मी म्हटलं.

"वादळ म्हनून फॅक्टरीवाल्यांनी सगल्यांना आतच ऱ्हावा सांगितलं. दुपारी जीवन निघाला. मना गोल्या द्यायला. दोर धरून आला बराबर, दोर न्हाय सुटला त्याचा. दार वाजवलं."

दोर सुटला आसल, दोर सुटला आसल, असं तीन वर्षं मला ऐकवणारा हाच माणूस होता. माझ्या हाताजवळ कोयता होता हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं, आणि ते मी इथे लपवत नाही.

"तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"आणि?"

चिंधू ओंडक्याची साल काढायला लागला. मग म्हणाला, "मना वाटलं मी मानकोलीला हाय. ड्युटीवर. कुनीतरी शटर वाजवतंय." त्याने साल बाजूला टाकली. "मी बोललो ताय. मोठ्यानं बोललो. गोदाम बंद है, सुबह आना."

मला वाटतं मी तिथेच खाली बसले. लाकडाचे कपचे टोचत होते ते आठवतं. तो पुढे सांगत होता. दार आत उघडणारं होतं. संध्याकाळी सहाला ताप उतरला, त्याने कडी काढली, दार ओढलं, तर दाराला टेकून बसलेला जीवन आत त्याच्या पायांवर पडला. त्याने पोलिसांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि अपघात म्हणून गेले. गावाने मात्र अपघात म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी चार बाप्ये आले, त्यांनी ती कडी स्क्रू काढून नेली आणि त्या जुन्या दाराशेजारी भिंतीला ठोकली. तिथे कड्या दोनच आहेत, म्हणाला. एक व्यापाऱ्याची आणि एक दिघाशीच्या चिंधूची.

"मारलं का तुला?"

"न्हाय. शिवी बी न्हाय दिली. बोललं पन न्हाय कुनी. पाच म्हैने एक सबद न्हाय. मी कुनाच्याबी दारात गेलो तर दार उघडंच. आत गेलो की बाई ताट लावायची. गरम गरम. माझ्याकडं बघायची न्हाय. मी खायाचो नि निघायचो. त्यांच्यात तसंच हाय. माणसाला बाहेर ठेवायचा न्हाय, नि आत घ्यायचा बी न्हाय." मग तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताय, एक सांग. त्यानं ऐकलं आसल का मी बोललो ते? वारा लई व्हता. ऐकू गेलं नसल ना?"

मी तशीच उठले आणि घरी आले. कोणालाही काही सांगितलं नाही, राहीकाकीला तर नाहीच. काकी शिमग्याच्या आधी गेली, आपला मुलगा तिकडून जरा वेडा होऊन आला एवढंच मनात धरून.

तेरा दिवस भावकीने जेवण पुरवलं. चौदाव्या दिवसापासून चिंधूला विचारणारं कुणी नव्हतं. दीड वाजता मी शाळेतून येऊन कडी घालून बसले होते, तेव्हा दार वाजलं. त्याचा खोकला मला कळतो. मी दाराशी गेले, कडीवर हात ठेवला, आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्याच्याच आवाजात आलं असतं. मार्चचं ऊन होतं, उन्हात काही तो मेला नसता. दुसऱ्यांदा वाजलं. जोरात नाही, उलट्या बोटाने, दोनदा.

मी कडी काढली. ये म्हटलं नाही. तो आत आला आणि भिंतीशी बसला. मी भात वाढला, सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि माझ्या वह्या तपासायला बसले. त्याने जेवून ताट घासलं, पालथं घातलं आणि गेला.

तेव्हापासून रोज दीड वाजता येतो. मी त्याच्याशी एक अक्षर बोललेले नाही. माझ्या दाराची कडीसुद्धा मी सुताराकडून काढून घेतली. दया आली म्हणून नव्हे. रोज उठून त्याच्यासाठी तिला हात लावायचा मला कंटाळा आला होता. गाव म्हणतं, मॅडमनी मोठ्या मनाने माफ केलं. गावाला बोलायला काय जातं. मी माफ केलेलं नाही, हे समितीने ठळक छापावं.

हे सगळंच छापायचं की नाही ते दीपेशने ठरवावं. प्रेरणा मिळते का बघावं. मला एक प्रत द्या, बाकी काही नको. ती मी दुपारी ताटाशेजारी ठेवणार आहे. चिंधूला वाचता येतं, माझ्याच शाळेत शिकला आहे.

तू विचारलं होतंस ते सांगते, चिंधू. जीवनने ऐकलं. वारा कितीही असू दे, ते वाक्य तो ओळखणार नाही असं होणारच नाही. ऐकून तो हसला असेल. त्याला वाटलं असेल, चिंधू बरा झाला, मस्करी करतोय, आता उघडेल. म्हणून तो दुसऱ्या दाराकडे गेला नाही.